म्हैस बसली तिथं वाडी

आमच्या वाडीत पहिल्यांदा येणारा माणूस धापा टाकत ओट्यावर टेकतो, तांब्याभर पाणी घटाघटा पितो आणि मग न चुकता विचारतो, "तुम्ही इथंच का राहता हो?" त्याचं काही चुकत नाही. अगदी माथ्यावर राहिलो असतो तर निदान वारा आणि नजारा मिळाला असता. पायथ्याला राहिलो असतो तर एसटी दारात थांबली असती. आम्ही राहतो बरोबर मध्ये, डोंगराच्या कुशीतल्या एका सपाटीवर, जिन्याच्या मधल्या पायरीवर अंथरूण टाकलेल्या पाहुण्यासारखे. वाडीचं नावच मधली वाडी. शनिवार-रविवारी पाठीवर पिशव्या लावून पुण्याची पोरं येतात, मोबाईलमध्ये नकाशा उघडतात आणि एकमेकांना सांगतात, पाण्यासाठी राहिले असतील, नाहीतर वाघराच्या भीतीनं. मी म्हणते, "म्हैस बसली म्हणून राहिलो." पोरं हसतात. म्हातारी थट्टेखोर आहे असं त्यांना वाटतं. मी थट्टेखोर आहेच, पण हे मात्र खरं सांगत असते.

मी जन्मले ती वाडी याहून बरीच वर, थेट धारेवर होती. तिच्या एका अंगाला वेल्ह्याचं खोरं, दुसऱ्या अंगाला भोरचं. आमच्या छपराच्या एका पाख्यावर पडलेला पाऊस गुंजवणीला मिळायचा आणि दुसऱ्या पाख्यावरचा वेळवंडीला. माझे आजोबा, ज्यांना सगळी वाडी आबा म्हणायची, ते पावसाळ्यात दारात बसून हे दोन्हीकडचं पाणी असं बघायचे, जणू स्वतःच वाटून देतायत. "दोनी तालुकं आपल्या वळचणीखाली हायती," असं म्हणायचे. पुढं नीरेत ती दोन्ही पाणी पुन्हा एक होतात हे मी शाळेत शिकून त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा जरा पडला. वाटलेलं पुन्हा एक झालेलं कुठल्याच आजोबांना आवडत नसावं. उजाडताना एका बाजूला तोरण्याची काळी पाठ दिसायची, दुसऱ्या बाजूला खाली दूरवर भाटघरच्या धरणाचं पाणी कल्हई केलेल्या परातीसारखं चमकायचं. एवढ्या दोन खुणांच्या मध्ये आमची मूठभर घरं, कारवीच्या कुडाची, शेणानं सारवलेली, गवतानं शाकारलेली.

आमच्या भूगोलाचं पुस्तक नव्हतं, पण प्रत्येक दगडाला नाव होतं आणि प्रत्येक नावाला गोष्ट. रडकीचा टेप म्हणजे नवी सून चढून येताना जिथून माहेर शेवटचं दिसायचं ती जागा. सासूची पायरी म्हणजे कातळातला एक उंच टप्पा, तो चढताना कंबर धरली नाही अशी बाई झाली नाही. आणि त्याच्या खाली, डोंगराच्या बरोबर मध्यावर, दमाचा माळ. तिथं उंबराचं एक जुनं झाड, झाडाच्या मुळाशी बारमाही झरा, आणि झऱ्याच्या कडेला म्हशी लोळून लोळून झालेला चिखल. चढणारा प्रत्येक जण तिथं ओझं उतरवून दम खायचा, ओंजळभर पाणी प्यायचा आणि पुढं निघायचा. तिथं राहावं असं पिढ्यान् पिढ्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. दम खायची जागा ती दम खायची जागा, तिथं कुणी चूल मांडतं का? आता त्याच माळावर, त्याच उंबराखाली बसून मी हे लिहिते आहे. आमच्या पूर्वजांना डोळे होते की नुसत्या भुवया, असा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

आम्ही म्हशी राखणारे धनगर. माणसं आणि म्हशी एकाच छपराखाली, मध्ये फक्त कारवीचा कूड. थंडीत आम्ही पोरं त्या कुडाला पाठ लावून झोपायचो. पलीकडून म्हशींची ऊब यायची, त्यांचा श्वास, रवंथाचा एकसारखा आवाज, मधूनच गळ्यातल्या लाकडी घंटेचा ठक असा एक ठोका. मला अजूनही त्या आवाजाशिवाय गाढ झोप लागत नाही. भोरला नोकरीत असताना मी कित्येक वर्षं अर्धवटच झोपले असं म्हटलं तरी चालेल. पहाटे त्यात ताक घुसळण्याचा आवाज मिसळायचा. आई रवीची दोरी ओढायची आणि तिच्या बांगड्या त्याच तालात वाजायच्या. मग नाचणीची गरम भाकरी, तिच्यावर ओघळणारा लोण्याचा गोळा, दुपारी वरईचा भात आणि ताकाची कढी, म्हैस व्याली की परातभर खरवस. दुधातुपाची आम्हांला कधीच ददात नव्हती. पण गूळ, चहापूड आणि मीठ खालून चढून यायचं, म्हणून त्यांचा मान मोठा. माझ्या हातून तूप सांडलं तर आई नुसती हं करायची. मिठाचा खडा सांडला तर माझ्या सात पिढ्या काढायची, म्हणजे आबांपासून सुरुवात.

आणि आबांवर तिला तसं थेट काही बोलता येत नव्हतं. आमच्यात सुनेनं सासऱ्याशी तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही अशी रीत होती. बोलायचं तर पडद्याआडून. आमच्या घरी पडदा नव्हता, मैना होती. मैना म्हणजे आमची सगळ्यांत जुनी म्हैस, कळपाची पुढारी. कातळासारखी काळी, शिंगं मागं वळून मानेला टेकलेली आणि नाव मैना. आईला आबांना काही सांगायचं असलं की ती मैनेला सांगायची. "मैने, घरात जळण संपलंय. कुणाला येळ असंल तर दोन फाटी आणावीत." आबा ओट्यावर बसून तंबाखू मळत मैनेलाच उत्तर द्यायचे, "मैने, सांग तिला, सांजच्याला आणतो." माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, या दोघांच्या मध्ये जन्मभर गप्प राहिले. घरात बोलण्याचं काम म्हैस करत असताना त्यांना गरजही नव्हती. मैना हे सगळं निवांत ऐकायची, आणि भांडण फार वाढलं तर शेण टाकून विषय बदलायची.

भांडण खरं वाढलं ते एका पावसाळ्यानंतर. त्या साली धारेवरच्या वाऱ्यानं निम्म्या घरांची छपरं खोऱ्यात नेऊन टाकली. वरचं टाकं तर शिमग्यालाच आटायचं, पुढं उन्हाळाभर म्हशी पार खालच्या ओढ्यावर न्याव्या लागायच्या. त्यात पायथ्याच्या गावात नवी शाळा सुरू झाली, आणि रस्त्याकडेला वाडीला जागा मिळेल अशी बोलणीही निघाली. आईनं ती जागा पाहिली, शाळेतल्या पाटीवर खडूनं लिहिताना पोरी पाहिल्या, आणि घरी येऊन दूध काढायला बसली ती मैनेला सगळं सांगूनच उठली. "मैने, वाडी खाली न्यायची. माझी सगू शाळंत जानार. हितनं रोज खाली आन् रोज वर, पोरीच्यानं व्हायचं न्हाई, वाटंत वाघरू हाय. वाडी खाली येत नसंल तर म्या पोरीला भोरला धाडनार, माझ्या भावाकडं. जूनपासनं."

सगू म्हणजे मी, सगुणा. त्या क्षणी कुडाला पाठ लावून बसलेली.

आबांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "मैने, तिला म्हनावं, वाडी म्हंजे काय पाटी हाय व्हय, उचलली डोक्यावर आन् ठिवली खाली? आन् पोरगी एकदा भोरला गेली की परत वर चढत न्हाई. बाजाराची चटक लागती."

"मैने, म्या बी भोरकडचीच. म्या चढलेच की न्हाई?"

आबांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. मैनेनं मात्र शेण टाकलं नाही.

माझी गत काय झाली ते आता सांगते. मला शाळा हवी होती. पाटीवर लिहिणाऱ्या पोरींची गोष्ट आईनं सांगितल्यापासून मी चुलीच्या कोळशानं कूड रंगवून ठेवला होता. पण भोर नको होतं. मामाचं घर चांगलं, मामी प्रेमळ, पण तिथं कुडापलीकडं म्हैस नव्हती. आणि वाडी खाली न्यायची म्हणजे धार सोडायची, रडकीचा टेप सोडायचा, उजाडताना दिसणारा तोरणा सोडायचा. म्हणजे वाडी राहिली तर मी जाणार, आणि मी राहायचं तर वाडी जाणार. मला दोन्ही हवं होतं. मी गोठ्यात जाऊन मैनेच्या पोटाला डोकं लावून रडले. तिनं मान वळवून माझं डोकं चाटलं. म्हशीची जीभ खरखरीत असते, माझे केस दोन दिवस एका बाजूलाच उभे राहिले.

शेवटी आबांनी तोड काढली, आणि ती अशी काढली की कुणाला नाही म्हणता येईना. आमच्या वाडीचा सगळा इतिहास एका वाक्याचा आहे. कधीकाळी दुष्काळात आमचा मूळपुरुष म्हशी घेऊन देशावरून आला, चढता चढता धारेवर त्याची म्हैस बसली आणि उठेना, तेव्हा तो म्हणाला, देवीनं जागा दाखवली. म्हैस बसली तिथं वाडी. "मग आता बी म्हैसच ठरवंल," आबा चारचौघांत म्हणाले. "अक्षय तृतीया झाली की मैनेला मोकळी सोडू. दावं न्हाई, काठी न्हाई, कुनी हाक मारायची न्हाई, चारा दाखवायचा न्हाई. ती जिथं बसंल आन् रवंथ करंल, तिथं वाडी. धारंवर बसली तर धारंवर, आन् खाली वड्याला जाऊन बसली तर खाली." सगळ्यांनी माना डोलावल्या. आई पदराआडून मैनेला म्हणाली, "कबूल हाय म्हनावं." मी मात्र हादरले. माझं उभं आयुष्य आता एका म्हशीच्या बुडावर येऊन ठेपलं होतं.

इथं इमाममामांची ओळख करून द्यायला हवी. इमाममामा भोरचे मण्यार. डोक्यावर बांगड्यांची पेटी, खांद्यावर झोळी, झोळीत मीठ, चहापूड, सुईदोरा, फण्या. आईचं माहेर भोरकडचं म्हणून ती त्यांना भाऊ म्हणायची आणि आम्ही पोरं मामा. सणासुदीला तर ते लागोपाठ फेऱ्या करायचे. बायकांच्या हातात बांगड्या भरताना भोरच्या बाजाराच्या बातम्या सांगायचे, आणि जाताना झोळीत मिठाच्या जागी तुपाचा गडवा असायचा. त्यांचा आवाज गोड, हात मऊ आणि गुडघे वाईट. सासूच्या पायरीपासून त्यांचं कण्हणं वाडीत ऐकू यायचं. "या अल्ला, ह्या डोंगराला जरा बसायला कुनी शिकवलं न्हाई का?" असं म्हणत ते ओट्यावर टेकायचे आणि सुजलेले गुडघे चोळत राहायचे. आई त्यांना कोमट तेल आणून द्यायची. "भाऊ, वाडी खाली आली की तुमचं बी गुडघं सुटतील बघा," ती म्हणाली. मामा हसले, पण नेहमीसारखं मोकळं हसले नाहीत. "खाली आली तर दारात टेम्पो येत्याल, ताई," ते म्हणाले. "मग माझी पेटी कोन उघडंल?"

शिमगा ते अक्षय तृतीया हे दिवस मी कधी विसरणार नाही. म्हशी घेऊन आई ओढ्यावर जायची, मी बरोबर. एके दिवशी रस्त्याकडेच्या त्या जागेवर तिनं इकडं-तिकडं पाहिलं, ओच्यातून मिठाची पुडी काढली आणि एका चपट्या दगडावर ओतली. मैनेनं दगड चाटून लख्ख केला. ज्या आईनं खडाभर मिठासाठी माझ्या पिढ्या काढल्या, ती मूठभर मीठ दगडावर ओतत होती. मी आ वासून पाहत राहिले. "जित्राबाला मीठ द्यावंच लागतंय," आई माझ्याकडं न बघता म्हणाली. "आबांपाशी बोलायचं न्हाई हां, सगे." त्याच संध्याकाळी धारेवर मैनेला खुंट्याला बांधायला आबा स्वतः आले. हे काम ते कधी करत नसत. धोतराच्या कनवटीतून त्यांनी मीठ काढलं, तळहातावर घेऊन मैनेपुढं धरलं, आणि मागं मी उभी दिसले तेव्हा खाकरले. "उन्हाळ्यात मीठ लागतंय म्हशीला. तुज्या आयला सांगू नगंस." मी दोघांनाही मान डोलावून दिली. त्यानंतर रोज तेच. खाली आईचं मीठ, वर आबांचं मीठ आणि मध्ये मी, दोन्हीकडची गुपितं पोटात घेऊन. देवीचा कौल म्हणून वाडी जिच्याकडं डोळे लावून बसली होती, ती मैना दोन्हीकडून लाच खाऊन टुमटुमीत झाली.

मीठ दोघांनाही देणारे इमाममामाच. आई पेटीशी वाकून हळूच म्हणायची, "भाऊ, मीठ जरा जादा द्या." आणि ते निघाले की आबा गोठ्यामागं त्यांना गाठायचे. "यंदा वाडीत लोनची लई घालत्यात वाटतं," मामा म्हणायचे, आणि आबा दुसरीकडं बघायचे. परतताना मामा दमाच्या माळावर उंबराखाली बसलेले आम्हांला दिसायचे. दुपारच्या वेळी आमचा कळपही तिथं टेकायचा. मैना त्यांच्याजवळ जाऊन उभी राहायची. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. कुणाही जवळ जाऊन उभं राहावं असेच ते होते.

तो दिवस उजाडला. बायकांनी मैनेला हळदीकुंकू लावलं, शिंगांना तेल चोळलं, आबांनी स्वतःच्या हातानं दावं सोडलं. मग सगळी वाडी मागं सरून उभी राहिली, कुणी हूं की चूं करेना. मैना खुंट्याभोवती फिरली. आबांचा तळहात हुंगला, तो रिकामा होता. तिनं पुढचे पाय जरासे दुमडले, आणि आबांच्या मिशा वर चढल्या. माझ्या डोळ्यांपुढं भोरची वाट दिसायला लागली. पण मैनेला बहुतेक माशी चावली असावी, ती सरळ झाली, शेपटी झटकली आणि रोजच्या वाटेला लागली. आता आईनं पदर तोंडावर ओढला. ती आतून हसत होती हे मला तिच्या खांद्यांवरून कळत होतं. मैना पुढं, घंटेचा ठक ठक आवाज, आणि मागं सगळी वाडी, म्हातारी, तान्ही, कुत्रीसुद्धा, फक्त कोंबड्या तेवढ्या घरी. बोलायची बंदी, त्यामुळं लग्नाचं वऱ्हाड आहे की मयताचं, हे लांबून बघणाराला सांगता आलं नसतं. रडकीचा टेप गेला. सासूच्या पायरीवर बायकांनी कंबरा धरल्या. दमाचा माळ आला, आणि मैना वाट सोडून उंबराकडं वळली.

झऱ्याजवळ एक पाठ टेकता येईल एवढा दगड होता. मैना थेट त्याच्याशी गेली आणि चाटायला लागली. बराच वेळ चाटलं. मग पाणी प्याली. मग चिखलात एक गिरकी घेतली, पुढचे पाय दुमडले, मागचं अंग धप्पकन खाली टाकलं, डोळे अर्धवट मिटले आणि रवंथ सुरू केला.

"पानी प्यायला थांबलीय, उठंल आत्ता," धाकट्या काकांनी कुजबुज केली. ऊन डोक्यावर आलं, उंबराची सावली आखडली, मैनेचा जबडा चालूच. शेवटी माझ्या वडिलांनी, ज्यांचा आवाज वाडीतल्या काही जणांनी कधी ऐकलाही नसेल, तोंड उघडलं. "बसली," दादा म्हणाले. तो शब्द निकालासारखा माळावर पडला.

आबा त्या दगडाजवळ गेले. तो ओला होता. त्यांनी बोट लावलं, जिभेवर ठेवलं आणि झटक्यात आईकडं पाहिलं. "खारट हाय." आई पुढं आली, तिनंही बोट लावून चाखलं आणि तशीच आबांकडं बघत राहिली. मला सगळं कळलं. आबांना वाटलं हे सूनबाईचं काम, आईला वाटलं हे सासऱ्याचं. पण दुसऱ्याला विचारायचं तर आपलंही सांगावं लागणार होतं. आणि मग एक गोष्ट घडली. बोलायला मध्ये मैना नव्हती, ती रवंथात होती. आबा माझ्या आईला सरळ म्हणाले, "सूनबाई, तुला काय ठाव हाय?" आई त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "मला काय बी ठाव न्हाई, मामंजी. तुमाला?" "मला बी न्हाई." दोघंही खरं बोलत होते आणि दोघांचाही एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. दोघंच हसायला लागले. आधी आबा मिशांत, मग आई पदरात, मग उघड. मी त्या दोघांना एकत्र हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि का कुणास ठाऊक, मलाच रडू आलं.

तेवढ्यात एक म्हातारी ओरडली, "अगं बया, दगडाला मीठ फुटलंय!" झालं. बायकांनी कुंकू आणलं, कुणी उंबराची पानं वाहिली, कुणी लोटांगण घातलं. आणि मग, जणू पहिल्यांदाच, सगळ्यांनी माळाकडं नीट पाहिलं. झरा बारमाही. धारेचा वारा वरच्या वर जातो. सावली आहे, सपाटी आहे, म्हशींना लोळायला चिखल आहे. "हितनं शाळा जाऊन येऊन व्हती," आई म्हणाली. "आन् हितनं धार दिसती," आबा म्हणाले. दोघांनीही माझ्याकडं पाहिलं. मी मैनेच्या गळ्यात पडले होते, चिखलासकट.

पावसाच्या आत घरं उतरली. वासे, कारवीचे कूड, उखळं, चुलीचे दगड, सगळं माणसांच्या डोक्यावरून. आबांनी आपल्या दाराची उंबऱ्याची फळी स्वतः खांद्यावर आणली. पुढं पाय चालत होते तोवर ते रोज धारेवर जाऊन दोन्ही खोरी बघून यायचे. आणि मी जूनमध्ये शाळेत गेले. सकाळी उतरायची, संध्याकाळी चढायची, वाटेत वाघराला घाबरू नये म्हणून मोठमोठ्यानं पाढे म्हणायची. त्या ओरडण्यानं गळा असा तयार झाला की पुढं भोरच्या एसटी स्टँडवर गाड्या पुकारायची नोकरी लागली तेव्हा भोंगा बिघडला तरी कधी कुणाची गाडी चुकली नाही. "वेल्ह्याला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे" हे मी नुसत्या तोंडानं सांगितलं तर चौकापलीकडचे लोक पळत यायचे.

त्याच स्टँडवर इमाममामा यायचे. तोवर पेटी सुटली होती, मुलानं बाजारात दुकान टाकलं होतं, मामा काठी घेऊन माझ्या खिडकीजवळच्या बाकावर येऊन बसायचे. एकदा चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "सगू, दगडाला अजून मीठ फुटतंय का गं?" त्यांच्या विचारण्यात असं काही होतं की माझा कप हातातच राहिला.

"मामा, तुमी?"

"मग काय करनार? तुज्या आयनं खाली मीठ टाकायचं, तुज्या आज्यानं वर टाकायचं, दोगंबी मला सांगनार कुनाला बोलू नगा. म्या म्हनलं, वर ऱ्हायली तर माझं गुडघं जात्यात, खाली गेली तर माझा धंदा जातोय. मधीच बसली तर काय बिघडलं? जाता-येता म्या त्या दगडावर मूठ मूठ ठिवत गेलो. मैना लई शानी." मग त्यांनी कप बाकावर ठेवला. "पर खरं सांगू का पोरी? धंद्याचं काय, पेटी घेऊन म्या कुटं बी गेलो असतो. तू एकदा गोठ्यात म्हशीच्या पोटाला डोकं लावून रडत व्हतीस, म्या मीठ द्यायला आलो तवा बगितलं. ते डोळ्यापुढनं हललं न्हाई, म्हनून ठिवाया लागलो."

भोरच्या स्टँडवरच्या भर गर्दीत, गणवेशात, मी मामांच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्या दिवशी वेल्ह्याची गाडी न पुकारता गेली.

"पर हे वाडीत सांगू नगंस," ते घाबरून म्हणाले. "म्या नुसतं मीठ ठिवलं, तुमी त्याचा देव केला. आता म्या काय बोलू?"

मी त्यांच्या हयातीत नाही सांगितलं. आता ते नाहीत, आई नाही, आबा तर कधीच नाहीत. मैनेची खापरपणती माझ्या दारात बांधलेली आहे. अक्षय तृतीयेनंतरच्या मंगळवारी अजून त्या दगडाला शेंदूर लावतात, नवा फेटा बांधलेली पोरं माईकवर देवीच्या दृष्टान्ताची गोष्ट सांगतात, आणि प्रत्येक घरातून मूठभर मिठाचा नैवेद्य येतो. आरती झाली की म्हशी सोडतात, त्या दगड चाटून साफ करतात. मी माझं मीठ मुद्दाम भोरहून, इमाममामांच्या नातवाच्या दुकानातून आणते. सगळे हात जोडून डोळे मिटतात, मीही मिटते. त्यांना आत देवी दिसत असेल. मला दोन सुजलेले गुडघे दिसतात, आणि त्यांच्यापुढं मी अगदी मनापासून वाकते.